घर म्हणालं, नाही

३ ऑगस्ट, सोमवार

ही वही घेऊन कितीतरी दिवस झाले. रोज ठरवते, उद्यापासून लिहायचं. आधी पेन सापडेना. पेन सापडलं तर वही गादीखाली गेलेली. वही मिळाली त्या दिवशी खिडकीत एक मांजर आलं आणि मी त्याच्यामागे गच्चीवर गेले ती संध्याकाळीच खाली उतरले. मांजर कोणाचं होतं तेही कळलं नाही. आत्या म्हणते, "पायाला भिंगरी असलेली माणसं पाहिलीत, तुझ्या तर डोक्यालाही आहे." गंमत म्हणजे या घरातही सगळे मला भिंगरीच म्हणतात. त्यांची आणि आत्याची तर गाठही पडलेली नाही.

आज लिहायला बसले कारण सकाळी माझ्या गळ्यात एक काम पडलं. वकील म्हणाला, "रोज काय करतेस ते लिहून ठेव. म्हणजे नंतर 'मला आठवत नाही' म्हणायला जागा नको." तो अजून वकील झालेला नाही, शिकतोय, पण बोलतो असा की जणू कोर्ट सुटूनच आलाय.

आधी घर कसं चालतं ते. हे विद्यार्थ्यांनी मिळून चालवलेलं घर. रेक्टर नाही, स्वयंपाकी नाही, झाडूवाला नाही. स्वयंपाकघराच्या दारावर पुठ्ठ्याचं एक चाक आहे. बाहेरच्या गोलावर कामं, आतल्या गोलावर आमची नावं. सोमवारी सकाळी जो पहिला उठतो तो आतला गोल एक घर पुढे सरकवतो. गेल्या आठवड्यात मी न्हाणीघर घासलं, या आठवड्यात भाजी चिरायची. चाकाला कोणाचीच दया येत नाही. सिस्टरची परीक्षा असली तरी जिना तिलाच पुसायचा. ती नर्सिंगला आहे आणि जिनाही असा पुसते की वाटावं, आता याचं ऑपरेशन आहे.

चाकावर नाही असं एकच काम, ते म्हणजे पाव. ते फक्त पावच करतो. पाव म्हणजे आमच्यातला अंगाने सगळ्यात थोराड आणि सगळ्यात कमी बोलणारा. शिकतो रसायनशास्त्र. दुसऱ्या कोणाच्याही हातचं पीठ फुगत नाही हे घराने सोसून-सोसून ठरवलंय. शिवाय धाकटी आहे, चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला. आणि मी. संध्याकाळच्या कॉलेजात फर्निचरदुरुस्ती शिकते. खरं सांगायचं तर इथं राहायला विद्यार्थी असावं लागतं म्हणून नाव घातलं. त्याआधी अर्धी फोटोग्राफी, जेमतेम टायपिंग, आणि रोपवाटिकेत थोडे दिवस काढले. तिथं मी पाणी घालायचं विसरले.

माडीवर टोकाची खोली रिकामी आहे. तिथं सुतार होता. उन्हाळ्यात त्याचं शिक्षण संपलं आणि तो बंदराच्या गावी गलबतांच्या कारखान्यात लागला.

आता काम काय ते. अशा सगळ्या घरांच्या वर एक मंडळ आहे. मंडळाचा नियम असा की सत्र उघडेल त्या दिवशी एकही खोली रिकामी असली तर त्या घराला आपली माणसं आपण निवडायचा हक्क राहत नाही. मग मंडळ पाठवेल ती माणसं, मंडळाचा स्वयंपाकी, मंडळाची रेक्टर, आणि भिंतीवर छापील वेळापत्रक. सत्र सप्टेंबरच्या मध्याला उघडतं. तोवर त्या खोलीत कोणीतरी आणायचं, आणि ते मी. का, तर गावातल्या प्रत्येक चहावाल्याशी माझी ओळख आहे.

"जी स्वतः कुठं टिकत नाही," सिस्टर म्हणाली, "तिनं टिकणारं माणूस शोधायचं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या."

सगळे हसले. मीही हसले. पण मला इथं आता दुसरं वर्ष लागलंय, हे कोणाच्या लक्षात कसं येत नाही?

५ ऑगस्ट, बुधवार

पहिला उमेदवार. मीच शोधलेला, ग्रंथालयाच्या पायरीवर. इतिहास शिकतो. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून तो चष्मा.

आमच्याकडे मुलाखत नसते, बुधवार असतो. ज्याला खोली हवी त्याने बुधवारी दुपारी यायचं, आमच्याबरोबर बटाटे सोलायचे, जेवायचं, भांडी घासायची, आणि मग जिन्यात जाऊन बसायचं. आम्ही दार लावून घेतो. मग टेबलाभोवती एकेक जण बोलतो, 'हो' किंवा 'नाही'. एक जरी 'नाही' आला तरी संपलं. आणि 'नाही'चं कारण कोणी विचारायचं नाही. हे घर ज्यांनी सुरू केलं त्यांचं म्हणणं होतं म्हणे, की कारण मागितलं की माणूस खोटं बोलतो. बाहेर जाऊन सांगायचं एवढंच, "घर म्हणालं, हो." किंवा, "घर म्हणालं, नाही."

चष्म्याने बटाटे नीट सोलले. पावला विचारलं, पीठ किती वेळ झाकून ठेवतोस. पाव चक्क दोन वाक्यं बोलला. त्याने पिशवी खिडकीखालच्या बाकावर ठेवली, जेवताना तिथंच बसला, भांडी घासताना हळू शीळ घालत होता.

वकील हो. सिस्टर हो. पाव हो. धाकटी हो, हो, हो.

मी म्हटलं, "नाही."

काय झालं कोण जाणे. तोंडातून तेच आलं. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, शीळ घालणारा माणूस रोज सकाळी शीळ घालणार. ते कसं चालेल? शिवाय तो बाक काही बसायचा नाही. म्हणजे बसायचाच आहे, पण तिथं कोणी बसत नाही हल्ली.

त्याला सांगायला मलाच जावं लागलं. चष्मा काढून पुसत म्हणाला, "बटाटे जाड सोलले का?"

९ ऑगस्ट, रविवार

आत्याचा फोन. रविवारी दुपारी येतो, न चुकता. मध्ये एकदा मी तिला संध्याकाळी लावून पाहिला, उचलला नाही. दोनदा पाहिला. आज विचारलं, तर म्हणते, "पाय मोकळे करायला जाते." कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तिचे पाय फारच मोकळे व्हायला लागलेत.

आई गेली तेव्हा मी रांगत होते, बाबा त्याआधीच कुठं तरी निघून गेलेले. भिंगरी मला त्यांच्याकडूनच मिळाली असणार. मला वाढवलं आत्याने. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात ती कॉलर लावायची. फक्त कॉलर. बाही दुसरीकडे, बटणं तिसरीकडे. "सगळं आयुष्य गळ्याशी गेलं गं," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

आमची एकच खोली होती, तिच्या शिवणयंत्राच्या आवाजात झोप लागायची. अजून कुठं यंत्र चालू असलं की मला जांभई येते. सकाळी ती मला शाळेत सोडायला यायची आणि सोडून जायचीच नाही. खिडकीशी घुटमळायची. फळ्यावर नकाशा लावलेला असला तर तिचं नाक काचेला टेकायचं. मुलं हसायची, "तुझी आत्या पहारा करते." मला फार लाज वाटायची. मी पळून जाईन अशी भीती तिला तेव्हापासूनच असणार.

आज तिने घराबद्दल इतकं विचारलं की मला वाटलं वकीलच बोलतोय. चाक कोण फिरवतं, न्हाणीघराला कडी आहे का, बुधवारी बाहेरच्या माणसाला मीठ जास्त झालं म्हणता येतं का.

"तुमच्यात वयानं सगळ्यात मोठं कोण?"

"सिस्टर. का?"

"सहज. आणि घर नदीच्या कुठल्या काठाला गं? डाव्या की उजव्या?"

"मला काय माहीत?"

"वाहत्या पाण्याकडे तोंड करून उभी राहा म्हणजे कळेल. बघून सांग."

एवढी बारीक चौकशी! मी चांगल्या वस्तीत राहते का ते तपासत असेल.

१३ ऑगस्ट, गुरुवार

उजव्या काठाला. आज बघून आले. जायला निघाले होते कॉलेजच्या फलकावर खोलीची चिठ्ठी लावायला, पण पूल वाटेत आला, मग पुलाखाली एक माणूस होडीला डांबर लावताना दिसला, त्याच्याशी बोलत बसले. चिठ्ठी खिशातच राहिली. उद्या लावते.

डांबराच्या वासाने मागचा हिवाळा आठवला. न्हाणीघरातला बंब बिघडला होता आणि मंडळाचा माणूस येता येईना. रोज सकाळी सगळ्यांसाठी एकच पातेलं तापायचं. ज्याचं कॉलेज लवकर त्याला आधी. सुतार सगळ्यांच्या आधी उठून शेगडी पेटवायचा, म्हणून त्याच्या हाताला कायम धुराचा आणि रंध्याच्या भुशाचा वास. आम्ही पेले धरून रांगेत, अंगावर पांघरुणं, वकील भांडतोय की पेल्याचं माप ठरवा, सिस्टर म्हणतेय ठरवते, आधी तू तोंड धू. आणि सुतार खिडकीखालच्या बाकावर बसून शीळ घालत पाणी कधी उकळतं ते बघतोय. बंब दुरुस्त झाला त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं. कोणाला सांगितलं नाही. गरम पाणी आलं म्हणून रडणारं माणूस कोणी पाहिलंय का?

माझा स्वतःचा बुधवारही आठवतो. मी जिन्यात बसले होते, आत काय चाललंय ऐकू येत नव्हतं. मला सवय होती तशी मी पिशवी खांद्यालाच ठेवली होती, म्हणजे नाही म्हणाले की लगेच उठता येतं. मग दार उघडलं, सुतार ओले हात घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "पिशवी उतरव. घर म्हणालं, हो."

त्याच्या खोलीत मी अजून गेले नाही. काय करायचंय जाऊन? रिकामीच आहे.

१९ ऑगस्ट, बुधवार

आज वाईट झालं.

दुसरी उमेदवार गाणं शिकणारी. चिठ्ठी शेवटी धाकटीने लावली, ती वाचून आली. मोठ्याने हसणारी, कांदा चिरताना रडत-रडत हसणारी. भांडी घासून झाली तरी ओटा पुसायला थांबली. सिस्टरने तिला चक्क दुसरा चहा विचारला. सिस्टरने! आम्हाला पहिला मिळायची मारामार.

चौघे हो. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला हो म्हणायचं होतं. पण ती मघाशी म्हणाली होती की टोकाच्या खोलीत ती मोठं कपाट ठेवेल, भिंतीतली सुताराची फळी काढून टाकेल. ती फळी पक्की आहे, चांगली बसवलेली आहे, ती काढायची म्हणजे काय? मी म्हटलं, "नाही."

वकिलाने टेबलावर हात आपटला. "कारण?"

"कारण विचारायचं नाही," पाव म्हणाला.

"का नाही विचारायचं? नियम घर वाचवायला असतो का बुडवायला? काय खोट आहे तिच्यात? बोल ना!"

"वाटलं म्हणून," मी म्हटलं.

"वाटलं!" सिस्टर म्हणाली. "अगं, उद्या इथं रेक्टर येऊन बसेल आणि नऊला दिवे घालवेल, तेव्हा तिला सांग हं, मला वाटलं म्हणून. तू काय, उठशील आणि जाशील दुसऱ्या गावी. आम्ही कुठं जायचं?"

धाकटी रडायला लागली. मला वाटतं मी पण रडले असते, पण तेवढ्यात जिन्यातून त्या मुलीचं गाणं ऐकू यायला लागलं, हळूच, वाट बघताना माणूस गुणगुणतो तसं. बाहेर जायला या वेळी पाव उठला.

२३ ऑगस्ट, रविवार

आत्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती माझी बाजू घेईल. घरच्यांनी घ्यायची असते.

"म्हणजे चांगली मुलगी होती."

"हो."

"आणि तू नाही म्हणालीस."

"हो."

"बसमध्ये लोक रुमाल टाकून जागा धरतात बघ. माणूस खाली उतरून गेलेला असतो, रुमाल आपला बसलेला. तू तो रुमाल आहेस."

"कोणासाठी धरतेय मी जागा?"

"ते मला काय विचारतेस?" आत्या म्हणाली. मग म्हणाली, "त्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे?"

"उत्तरेला."

"मग थंड असेल. पण वाचायला बरी, ऊन डोळ्यांवर येत नाही."

विषय कुठला, ही बोलते काय! वय होत चाललंय तिचं. हल्ली बोलता-बोलता भलतीकडेच जाते.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

काल एक चूक झाली. म्हणजे माझा थांबा चुकला. पलीकडच्या गावच्या कॉलेजात चिठ्ठी लावायला निघाले होते. बसमध्ये खिडकीशी बसले, बाहेर एक माणूस सायकलवर शिडी आडवी घेऊन चाललेला, तो कोपऱ्यावर कसा वळतो हे बघण्यात उतरायचं राहिलं, आणि बस थेट बंदराच्या गावी गेली. आता आलेच आहे तर म्हटलं सुताराला भेटू. केस मी सकाळीच धुतले होते, ते असेच.

कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. दुपारची सुट्टी झाली आणि तो आला. जाडसर झालाय. मला बघून इतका खूश झाला की हातातला डबाच खाली ठेवायचा विसरला.

"भिंगरी! अजून त्याच घरात? मला वाटलं एव्हाना तीन गावं बदलली असशील."

मी घराचं सगळं सांगितलं. पाव बोलतो हल्ली, वकिलाने मिशी ठेवली आणि काढली. तो हसत होता. मग म्हणाला, "माझी खोली कोणाला दिलीत?"

"अजून कोणाला नाही."

"का?"

"मिळत नाही कोणी तसं."

"तसं म्हणजे कसं? अगं, काय थंड होती ती खोली! मी पहाटे शेगडीपाशी येऊन बसायचो ते काय हौसेनं? हातपाय गारठायचे म्हणून. आता जिथं घर घेतलंय ना, तिथं दिवसभर ऊन. मडमला दाखवायला नेलं, तर म्हणाली आधी पडदे लागतील." मडम म्हणजे त्याची होणारी बायको. कारखान्याच्या दवाखान्यात असते. पाकिटातला फोटोही दाखवला. छान आहे. दात जरासे पुढे आहेत, पण छान आहे.

"भिंतीतली ती फळी," मी म्हटलं, "पक्की आहे अजून."

"कुठली फळी?" तो म्हणाला.

भोंगा झाला, तो गेला. जाताना वळून हात केला. चांगलं वाटलं भेटून. परतीच्या बसला गर्दी होती म्हणून मी अर्धी वाट चालतच आले. चालताना काही विचार केला नाही. डोळ्यांत धूळ फार गेली.

घरी आल्यावर चष्म्याला शोधायला ग्रंथालयात गेले. त्याला दुसऱ्या घराने घेतलंय. गाणारीलाही.

२ सप्टेंबर, बुधवार

आज कोणी आलंच नाही.

बटाटे सोलले, एक ताट जास्त मांडलं, वाट पाहिली. गावभर झालंय की त्या घरात कोणाला घेत नाहीत, तिथले लोक उगाच बटाटे सोलून घेतात. चहावाल्याने मला तोंडावर विचारलं, "काय ताई, फुकट भांडी घासून घ्यायची चांगली युक्ती काढली की!"

जेवण चालू असताना मंडळाच्या बाई आल्या. माप घ्यायची फीत, पायात न वाजणाऱ्या चपला. वाईट नाहीत, कामच तसं. स्वयंपाकघर मोजलं. मंडळाच्या मोठ्या पातेल्यांना दोन शेगड्या लागतील, म्हणजे मधलं टेबल हलवावं लागेल. टेबल दारातून जाईना. आतच बनवलेलं ना ते, आमच्या आधीच्या मुलांनी.

"मग कापावं लागेल," बाई म्हणाल्या.

"बाई, पुढच्या बुधवारपर्यंत आम्हाला मुदत आहे," वकील म्हणाला. एरवी तो पानभर बोलतो. आज एवढंच.

"आहे ना. मी कुठं नाही म्हणतेय? मिळालं कोणी तर मलाही बरंच. माझ्याही डोक्याला ताप नको."

पाव टेबलावर तळहात ठेवून बसला होता, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं." कोणी 'नाही गं' म्हटलं नाही. सिस्टर म्हणाली, "ताटं उचल." मग मी घासायला बसले तेव्हा तीच माझ्याशेजारी उभी राहून पुसायला लागली. तिची पाळी नव्हती.

६ सप्टेंबर, रविवार

आत्याचा फोन आला नाही.

दुपार गेली. मी लावला, उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा. मग खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींना लावला. लहानपणी त्यांच्या दुकानात बसून मी सगळी घड्याळं मागेपुढे करून ठेवायचे, तरी ते माझ्याशी अजून बोलतात.

"आत्याबाई? शिवणयंत्र माझ्या मुलीला देऊन टाकलं की त्यांनी. कुंड्या समोरच्यांना. तुला बोलल्या नाहीत?"

"काय बोलल्या नाहीत?"

"मग मी नाही बाई सांगायचो. तोंड बंद ठेवायला सांगितलंय मला."

"काका, आजारी आहे का ती?"

"मी काही बोललो तर माझी खैर नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

यंत्र देऊन टाकलं! ते यंत्र ती मलाही हात लावू द्यायची नाही. संध्याकाळी घरी नसते, बोलता-बोलता भलतं विचारते, सामान वाटून टाकतेय. माणूस असं कधी करतं ते मला कळतं. ती दवाखान्यात जात असणार आणि मी काळजी करेन म्हणून सांगत नसणार. आणि मी इतके दिवस एका फळीची काळजी करत बसले होते.

बुधवारी संध्याकाळची बस आहे. त्याआधीच्या सगळ्या भरलेल्या. बुधवारचं काय ते बघते आणि निघते. तिच्यापाशीच राहीन. कॉलेज सुटलं तर सुटलं. पहिल्यांदा सुटतंय थोडंच.

मग इथं दोन खोल्या रिकाम्या होतील. हे अजून खाली कोणाला सांगितलं नाही.

९ सप्टेंबर, बुधवार

पिशवी भरून झाली. लिहायला टोकाच्या खोलीत येऊन बसले आहे, म्हणजे जाण्याआधी एकदा बघून तरी घ्यावी. खरंच थंड आहे. बोटं गार पडलीत. फळी आहे, तीवर धूळ. खिडकीतून नदी दिसते, अंगणातला तांब्याचा नळ दिसतो, त्याखाली पाव बादली धुतोय. ही नुसती खोली आहे. चार भिंती, एक खिडकी, कोणीही राहावं अशी. चष्मा राहिला असता तर आत्ता इथं पुस्तकांचे ढीग असते आणि खाली तो शीळ घालत असता, आणि मला बहुतेक आवडलं असतं.

सकाळी सगळ्यांना सांगितलं की आत्या आजारी आहे, मी जातेय. वकील म्हणाला, "जा तू, घराचं आम्ही बघू." बघणार काय? सिस्टरने तिच्या पेटीतून थर्मामीटर काढून माझ्या पिशवीत टाकला आणि म्हणाली, "परत आणून द्यायचा. माझ्या हातात. पोस्टाने नाही." धाकटीने चाकावरचं माझं नाव काढायला नकार दिला.

खाली बटाटे सोलणं चालू झालंय. आजही कोणी येणार नाही, पण बुधवार म्हणजे बुधवार. बसला अजून अवकाश आहे. थोडं खाली जाऊन सोलू लागावं, तेवढंच—

धाकटी आत्ता धापा टाकत वर आली. मी लिहितेय तशीच लिहितेय, हात थांबत नाही. म्हणाली, "चल चल, उमेदवार आलाय. म्हणजे आलीय. एक बाई आहेत."

"बाई? कोणाची आई असेल."

"सिस्टरने तेच विचारलं. तर म्हणाल्या, मी कोणाची आई नाही, पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. भूगोल. लहानपणी सुटलेल्या शाळेची परीक्षा दिली म्हणे, संध्याकाळच्या वर्गाला बसून. कॉलेजचा कागदही आहे. वकील वाचतोय, त्यात त्याला काही चूकच सापडत नाहीये. आणि भिंगरी, त्यांनी गादीची वळकटीपण आणलीय."

"भूगोलच का, विचारलं का कोणी?"

"पावने विचारलं! तर म्हणाल्या, आमची एक मुलगी आहे, ती दर थोड्या दिवसांनी नव्या गावी पळते. मी आपली नकाशात शोधत बसते. म्हटलं, त्यापेक्षा शिकूनच घ्यावं."

खालून आवाज आला, अख्ख्या घराला ऐकू जाईल असा, "अगं बाई, एवढी जाड सालं कोण काढतं इथं? निम्मा बटाटा गेला की!" आणि त्यावर सिस्टरचं हसणं. सिस्टरचं.

थोड्या वेळाने ती जिन्यात बसेल, दार लागेल आणि मला विचारतील. आज पहिल्यांदाच माझ्याकडे 'नाही'ची खरीखुरी कारणं आहेत. ती घोरते. पहाटे उठते आणि सगळ्यांना उठवते. माझ्या केसांवरून सगळ्यांसमोर बोलेल. ती आली की मी कुठून पळाले, कुठून आले, सगळं या टेबलावर निघेल.

धाकटी दारात उभी आहे. विचारतेय, "हसतेस काय आणि रडतेस काय? ओळखतेस का तू त्यांना?"

माझी आत्या आलीय.